पाटी आणि प्रमाद

वाङ्मयप्रकारांची यादी करताना समीक्षकाचे लक्ष सहसा जिच्याकडे जात नाही, अशी एक लेखनाची जात आहे : धोक्याची पाटी. रोहित्राच्या कुंपणावर, विजेच्या खांबावर, कारखान्याच्या दारावर, रसायनाच्या पिंपावर ती आढळते. तांबड्या-पांढऱ्या रंगाचा पत्रा, त्यावर एक कवटी आणि फुलीसारखी दोन हाडे, '४४० व्होल्ट' किंवा '११,००० व्होल्ट' असा आकडा आणि दोन-तीन लिप्यांतून एकच शब्द. लेखकाचे नाव नाही, तारीख नाही, शैली म्हणावी असे काही नाही. तरीही हा मजकूर ज्या गांभीर्याने वाचला जावा अशी अपेक्षा असते, तितक्या गांभीर्याची अपेक्षा फार थोड्या लेखनाला करता येते. कारण त्याच्या वाचनात चूक झाली तर तिचे परिमार्जन दुसऱ्या आवृत्तीत होत नाही.

भारतात ही पाटी बहुभाषिक आहे, आणि ती तशी असावी हे कायद्याने ठरविले. १९५६ च्या भारतीय वीज नियमावलीतील ३५ व्या नियमाने मध्यम व त्याहून अधिक दाबाच्या प्रत्येक वीज-संचावर ठळक जागी कायमची सूचना लावण्याचे बंधन घातले. ती हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय त्या जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत असावी, तिच्यावर कवटी व हाडे असावीत, असे त्यात सांगितले होते. त्या नियमांची जागा २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नव्या विनियमांनी घेतली. पाटीचा चेहरा मात्र फारसा बदलला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील १०८ व्या कलमाने कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि 'बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या' भाषेत लावण्यास सांगितले होते. अनेक भाषांतून लिहिले जाणारे एकच भारतीय साहित्य आहे काय, ह्या प्रश्नावर तुलनाकारांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. परंतु एकच आशय अनेक भाषांत तंतोतंत पोचावा, त्यात रेसभर फरक पडू नये, अशी सक्ती ज्या मजकुरावर आहे तो मजकूर त्यांच्या चर्चेत आलेला नाही. तो खांबावर ऊन-पाऊस खात राहिला.

आणि फरक तर पडतोच. मराठी पाटीवर 'धोका' असतो. हिंदी भाषकाच्या लेखी 'धोखा' म्हणजे फसवणूक. त्याला संकट सांगायचे असेल तर 'खतरा' म्हणावे लागते. मराठीत 'धोका देणे' ह्या प्रयोगात फसवणुकीचा अर्थ शिल्लक आहेच, पण एकट्या 'धोका' ह्या शब्दाने मराठी माणूस संकटच समजतो. उत्तरेतून आलेला मजूर पुण्याच्या किंवा नाशिकच्या कारखान्यात ही पाटी पाहतो तेव्हा त्या यंत्राने कोणाचा विश्वासघात केला, असा प्रश्न त्याला पडला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. दक्षिणेकडे जावे तर 'अपाय' भेटतो. मराठीत अपाय हा प्रकृतीला होतो, थंड पाण्याने होतो, अवेळी जेवण्याने होतो. तो सौम्य शब्द आहे. कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये तोच शब्द प्रत्यक्ष संकटाचा वाचक आहे. तमिळ लिपीत प, ब आणि भ ह्यांना एकच अक्षर असल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते : संकटवाचक 'अबायम्' आणि शरण-आश्रय सुचविणारा 'अबयम्' (म्हणजे संस्कृतातील अभय) ह्या दोन शब्दांत लेखनात केवळ एका स्वराच्या दीर्घत्वाचे अंतर उरते. पाटीवरील रंग एका जागी उडाला की संकटाचे अभय व्हावे, इतके हे अंतर थोडे आहे.

'सावधान' ह्या शब्दाची कथा तर ह्याहून मनोरंजक आहे. अवधानासह असणे, लक्ष एकवटणे, हा त्याचा मूळ अर्थ. तेलुगूत अवधान ही कवीची विद्या झाली. अष्टावधान करणारा कवी आठ दिशांनी येणारे व्यवधान सांभाळून पद्यरचना करतो. मराठीत आणि हिंदीत कवायतीच्या मैदानावर 'सावधान' म्हटले की माणूस ताठ, निश्चल उभा राहतो. कन्नडमध्ये आणि मलयाळममध्ये मात्र 'सावधान' म्हणजे सावकाश, घाई न करता. एकाच शब्दाने कोणी थांबतो, कोणी हळू चालतो, कोणी सावरून उभा राहतो. महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत ह्या शब्दाचा चौथाही एक अर्थ आहे. मंगलाष्टकांच्या शेवटी भटजींनी उच्चारलेला 'सावधान' ऐकून जांबेचा लहानगा नारायण लग्नमंडपातून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, अशी आख्यायिका आहे. शेकडो वर्षे, हजारो मंडपांत तो शब्द उच्चारला गेला असेल. तो केवळ विधीचा भाग नसून खरोखरच आपल्याला उद्देशून दिलेला इशारा आहे, असे एकाच श्रोत्याला वाटले. आख्यायिकेची ऐतिहासिकता काहीही असो, इशाऱ्याच्या स्वरूपाविषयी ती एक मर्म सांगते. सतत समोर असलेली सूचना सूचना राहत नाही; ती भिंतीचा भाग होते. तिला पुन्हा अर्थ यावा लागतो तो ऐकणाऱ्याच्या स्थितीतून.

शब्दांची ही अडचण ओळखून पाटीवर चित्र आले. चित्राला भाषा नसते, निरक्षरालाही ते कळते, अशी त्यामागची श्रद्धा. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने विषारी द्रव्यांच्या पात्रांवर तसे लिहिण्याची सक्ती १८२९ मध्ये केली, आणि १८५० च्या सुमारास त्या कामी कवटी व हाडे वापरात आली. पण कवटीचाही अर्थ जन्मजात नाही. स्मशानात साधना करणाऱ्याला ती वेगळे सांगते, कापालिकाच्या हातात ती भिक्षापात्र असते, कालीच्या गळ्यात ती माळ होते. अमेरिकेतल्या मुलांना ती समुद्री चाच्यांच्या निशाणावरून ओळखीची होती, म्हणजे साहसाची आणि खेळाची खूण होती. म्हणून १९७१ मध्ये पिट्सबर्ग येथील बालरुग्णालयाच्या विषबाधा-केंद्राने कवटी बाजूला सारून जीभ बाहेर काढलेला, वैतागलेला हिरवा चेहरा मुलांसाठी तयार केला. ज्या चिन्हाने भय वाटावे त्याचेच आकर्षण वाटू लागले होते.

त्याच वर्षी इराकमध्ये ह्या श्रद्धेची फार भयंकर परीक्षा झाली. दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशातून गव्हाचे आणि बार्लीचे बियाणे आणले गेले. बुरशीपासून संरक्षण म्हणून त्याला पाऱ्याचे सेंद्रिय संयुग चोळलेले होते आणि ते खाण्यासाठी नाही हे ओळखू यावे म्हणून त्याला लालसर रंग दिलेला होता. पोत्यांवर इशारा होता. पण तो स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत. कवटीचे चित्रही होते. पण इराकी शेतकऱ्याच्या चिन्हसृष्टीत त्या चित्राला तो अर्थ नव्हता. काही ठिकाणी बियाणे पोचले तेव्हा पेरणी होऊन गेली होती. घरात धान्य नव्हते आणि अंगणात धान्याची पोती होती. लोकांनी ते धुतले. रंग निघून गेला. रंगाबरोबर विषही गेले असे त्यांनी मानले. पारा तसाच राहिला. त्याची लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागतात, त्यामुळे पहिल्या भाकरीने काहीच झाले नाही, आणि काही झाले नाही हाच पुरावा ठरला. १९७१-७२ च्या त्या हिवाळ्यात ६,५३० रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ दगावले, अशी अधिकृत नोंद आहे. त्या शेतकऱ्यांनी सूचनेकडे दुर्लक्ष केले नव्हते. रंगाचा अर्थ त्यांनी लावला होता, आणि आपल्या परीने तो तर्कसंगत लावला होता. चूक होती ती चिन्ह स्वयंप्रकाशी असते, असे मानणाऱ्याची.

ह्याच्या उलट वाटेने गेलेले एक उदाहरण चिन्हमीमांसेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे असे आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत जैविक धोक्यासाठी चिन्ह तयार करताना चार्ल्स बाल्डविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी आकृती शोधली की जी चटकन स्मरणात राहील, पण जिचा आधीपासून काहीच अर्थ नसेल. अर्थ नंतर शिकवायचा. म्हणजे चिन्ह आणि अर्थ ह्यांचा संबंध नैसर्गिक नसून संकेताने येतो, हे भाषाशास्त्रातले तत्त्व त्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर लावले. पुढे १९८० च्या दशकात अणुभट्ट्यांचा किरणोत्सारी कचरा जिथे पुरायचा तिथे दहा हजार वर्षे टिकेल असा इशारा कसा लिहावा, हा प्रश्न अमेरिकी शासनाने अभ्यासकांपुढे ठेवला, तेव्हा थॉमस सेबिओक ह्या चिन्हमीमांसकाने दिलेल्या उत्तरात कोणत्याही शिलालेखापेक्षा मौखिक परंपरेवर, आख्यायिकांवर आणि ज्ञान पुढच्या पिढीकडे सोपविणाऱ्या माणसांच्या साखळीवर भर होता. दहा हजार वर्षे टिकणारी भाषा नाही, चित्रही नाही. टिकलीच तर सांगणाऱ्या माणसांची रांग टिकते. पाटीचा इतका कडवा पराभव दुसऱ्या कोणी नोंदविलेला नसेल.

भारतातील कीटकनाशकांच्या डब्यावरील चिठ्ठीलाही असाच इतिहास आहे. १९५८ मध्ये केरळात आणि मद्रास राज्यात पॅराथिऑन ह्या कीटकनाशकाच्या संसर्गाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे मेली. विष आणि पीठ एकाच जहाजातून आले होते. त्या आघातातून जी चौकशी आणि जी विचारप्रक्रिया सुरू झाली तिचे फळ म्हणजे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ ची नियमावली. त्या नियमावलीने चिठ्ठीचे जे रूप ठरविले ते एखाद्या वृत्तबद्ध रचनेइतके काटेकोर आहे. चिठ्ठीच्या सोळाव्या भागाहून लहान नसलेला, कोनावर उभा केलेला एक चौकोन. त्याचे दोन त्रिकोण. वरच्या त्रिकोणात संकेतशब्द, खालच्यात रंग. अतितीव्र विषाला तांबडा रंग, कवटी आणि 'विष' हा शब्द. त्याखालच्या श्रेणीला पिवळा रंग आणि पुन्हा 'विष'. तिसऱ्या श्रेणीला निळा रंग आणि 'धोका'. चौथ्या श्रेणीला हिरवा रंग आणि 'खबरदारी'. सोबत हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषांतील पत्रक. रंगांची ही श्रेणी प्रयोगशाळेतील प्राण्यांवर केलेल्या मोजमापावरून ठरते, आणि ती एका वेळी एकाच द्रव्याची असते. शेतात एकाच पिंपात दोन-तीन औषधे मिसळली जातात. त्या मिश्रणाला रंग नाही. शिवाय ज्या देशात हिरवा रंग पिकाचा, पानाचा, समृद्धीचा आहे, तिथे हिरवा त्रिकोण पाहून विषाची आठवण यावी, ही अपेक्षा जरा अवघडच आहे. आणि मराठी शेतकऱ्याच्या तोंडी ह्या सर्व पदार्थांना एकच नाव आहे : औषध. 'औषध मारणे' हा फवारणीचा रूढ शब्दप्रयोग आहे. डब्यावर 'विष' छापलेले असते. डबा मागताना, देताना, वापरताना 'औषध' म्हटले जाते. छापील शब्द आणि बोलला जाणारा शब्द ह्यांची अशी समोरासमोर गाठ पडते तेव्हा विजय कोणाचा होतो हे सांगावयास नको.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात हे सारे एकत्र आले. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती. फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. उकाडा होता. शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना फवारणीतून विषबाधा झाली, विसाच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, आणि शासनाने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. हातमोजे, चष्मा, मुखपट्टी न वापरता फवारणी केली, हे कारण त्या वेळी वारंवार सांगण्यात आले. हे सर्व वापरावे, असे चिठ्ठीवर लिहिलेले असतेच. परंतु ती चिठ्ठी कोणी वाचायची होती? डबा कृषी सेवा केंद्रात विकला गेला, मालकाच्या घरी गेला, बांधावर उघडला गेला, पिंपात रिता झाला. ज्याच्या पाठीवर पंप चढला त्या रोजंदारीच्या मजुराच्या हातात आले ते पांढुरके पाणी. त्याच्यापुरता तो मजकूर प्रसिद्धच झाला नव्हता. आणि वाचला असता तरी? हातमोजे त्याने कोठून आणावयाचे होते, आणि ते नाहीत म्हणून त्या दिवसाची मजुरी कोणाच्या भरवशावर सोडावयाची होती? साहित्याच्या चर्चेत वाचकाला अर्थनिर्मितीचे स्वातंत्र्य दिले जाते. ह्या वाचकापाशी अर्थ होता, पण स्वातंत्र्य नव्हते.

ह्या मजकुरांचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. मराठी सूचना बहुधा विध्यर्थात असते : 'हातमोजे वापरावेत', 'स्पर्श करू नये', 'धूम्रपान करू नये'. ह्या वाक्यांत द्वितीय पुरुष नाही. सांगणारा कोण हे दिसत नाही, आणि ज्याला सांगावयाचे तोही दिसत नाही. 'वापरावेत' हे कर्मणि रूप मोज्यांशी जुळते, माणसाशी जुळत नाही. मोजे कोणी पुरवावेत हा प्रश्न त्या वाक्यरचनेत उद्भवतच नाही. ह्याउलट कामाच्या जागी प्रत्यक्ष दिला जाणारा इशारा नेहमी कोणाला तरी दिलेला असतो : 'अरे, हात काढ!', 'बाजूला व्हा मामा!', 'पोरा, वर बघ!'. त्यात क्रियापद आज्ञार्थी असते, नाते असते, आवाज असतो, आणि सांगणारा स्वतः त्याच जागी उभा असतो. नव्या माणसाला पट्ट्याजवळ सदरा सैल ठेवू नको म्हणून दटावणारा जुना कामगार हा सेबिओकच्या साखळीतला एक दुवाच होय. पाटी लागली म्हणून तो दुवा अनावश्यक झाला, असे मानले जाते तेव्हा एका बोलत्या परंपरेच्या जागी निर्मनुष्य वाक्य येते.

ह्या निर्मनुष्य वाक्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो त्याच्या लेखकाला ठाऊक असतो. अपघातानंतर ते वाक्य साक्षीला उभे राहते. सूचना लावलेली होती. ती पाळली गेली नाही. सबब दोष कामगाराचा. ह्या ठिकाणी भारतीय भाषांतील एका शब्दाकडे पुन्हा वळावेसे वाटते. 'प्रमाद' हा संस्कृत शब्द अनवधान, बेपर्वाई सांगतो. बुद्धाच्या अखेरच्या उपदेशात अप्रमादाची महती आहे. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, अपराध. तो करणाऱ्याकडे बोट दाखवितो. बंगालीत त्याला चूक हा अर्थ आहेच, पण 'प्रमाद गणणे' ह्या वाक्प्रचारात समोर येणारे संकट पाहून हबकण्याचा भाव आहे. तेलुगूत मात्र 'प्रमादम्' म्हणजे सरळ धोका, अपघात. बाहेरून कोसळणारी गोष्ट. सोलापुरात तेलुगू भाषक पद्मशाली विणकर आणि मराठी भाषक कामगार पिढ्यान् पिढ्या शेजारी-शेजारी राहत आले आहेत. एकाच मागावरील एकाच दुर्घटनेला तेलुगूत 'प्रमादम्' म्हणता येईल, आणि तोच शब्द मराठीत उच्चारला की तिचा कर्ता विणकरच ठरेल. भाषांतरात घडणारा हा अर्थपालट कामाच्या जागी भाषांतराशिवायही घडतो. पाटी लावणे म्हणजे तेलुगूतील प्रमादाचे मराठीतील प्रमादात रूपांतर करणे : यंत्रात असलेला धोका पाटीतून माणसाच्या अपराधात उतरतो.

भोपाळची स्मृती ह्या संदर्भात टाळता येत नाही. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायूने त्या शहरात हजारोंचा बळी घेतला. दुर्घटनेनंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांत अशी नोंद आहे की, कारखान्यातील कार्यपद्धतीच्या व सुरक्षिततेच्या सूचना इंग्रजीत होत्या, आणि अनेक कामगारांना हिंदीच येत होती. पण भोपाळमध्ये हिंदीतला इशारा अजिबात नव्हता असे म्हणता येणार नाही. राजकुमार केसवानी ह्या तरुण पत्रकाराने १९८२ मध्येच आपल्या छोट्या साप्ताहिकातून त्या कारखान्याविषयी एकामागून एक इशारे छापले होते. भाषा लोकांची होती, लिपी ओळखीची होती, लेखकाने नाव घालून लिहिले होते. म्हणजे पाटीत जे जे उणे असते ते सर्व त्या लेखनात होते. ज्यांनी ते वाचून काही करावयाचे, त्यांनी केले नाही. इशाऱ्याची भाषा सुधारली की इशारा फलद्रूप होतो, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरता कामा नये. निरक्षरता नेहमी कामगाराच्याच बाजूला असते असे नाही.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांवर एक नवे प्रकरण आले. त्यातील '४१ ख' ह्या कलमाने धोक्याची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देणे कारखानदारावर बंधनकारक केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ह्या प्रकरणाच्या अखेरच्या कलमाने कामगाराला एक हक्क दिला : जिवाला किंवा आरोग्याला लगोलग धोका आहे असे वाजवी कारणाने वाटल्यास तो स्वतः व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही तसे कळवू शकतो, आणि त्यावर उपाय करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरते. २०२० मध्ये संसदेने कामगार कायद्यांची नवी संहिता मंजूर केली तेव्हा तिच्यातही ह्या हक्काला जागा राहिली. कायद्याच्या कोरड्या गद्यात ही एक लहानशी क्रांती आहे. तोवर कामगार हा इशाऱ्याचा वाचक होता, किंवा न वाचल्याचा आरोपी होता. ह्या कलमाने त्याला इशाऱ्याचा लेखक मानले. हा हक्क कितपत वापरता येतो हे अर्थातच नोकरी टिकण्याच्या शाश्वतीवर अवलंबून आहे. कंत्राटी कामगाराच्या हाती लेखणी दिली तरी शाई मालकाकडेच राहते.

आणि काही धोक्यांना पाटी लावताच येत नाही. मध्य प्रदेशातील मंदसोर हे पाटीवरच्या पेन्सिलींचे गाव. तिथल्या दगडात सिलिका आहे. तो विजेच्या करवतीने कापताना उडणारी बारीक धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांत हा रोग आढळला. मराठीत पाटी म्हणजे इशाऱ्याचा फलक आणि पाटी म्हणजे मुलाच्या मांडीवरची अक्षरे गिरवण्याची पाटीही. जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवीत. मंदसोरची धूळ मात्र कोणाच्या बोटाखाली आली नाही. देशभरातील मुलांच्या हाती पेन्सिली गेल्या आणि धूळ ती घडविणाऱ्यांपाशी राहिली. पेन्सिलीच्या खोक्यावर इशारा छापला असता तर तो अक्षरे शिकणाऱ्यांनी वाचला असता, अक्षरांची किंमत मोजणाऱ्यांनी नव्हे. गटारांत उतरविल्या जाणाऱ्या माणसांची गोष्ट ह्याहून कठोर. २०१३ च्या कायद्याने संरक्षणसाधनांविना माणसाला गटाराच्या धोकादायक सफाईस लावण्याची बंदी केली, तरी त्यानंतरही मृत्यू घडत राहिले. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू आरंभी कुजक्या अंड्यांच्या दुर्गंधीने स्वतःच इशारा देतो. पण त्याचे प्रमाण वाढले की तो प्रथम घ्राणेंद्रियच बधिर करतो. दुर्गंधी नाहीशी होते, आणि धोका टळला असे वाटते त्याच क्षणी तो सर्वांत जवळ आलेला असतो. आपला इशारा स्वतः पुसून टाकणारे हे विष आहे.

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड सांगितली जाते. धोकादायक वस्तूच काढून टाकणे हा सर्वांत वरचा उपाय. ते न जमल्यास तिच्या जागी कमी घातक वस्तू आणणे. मग यंत्राला आवरण, धुळीला शोषक, वायूला वाट अशी तांत्रिक योजना. त्यानंतर नियम, प्रशिक्षण आणि पाट्या. आणि सर्वांत शेवटी मोजे, चष्मे, मुखपट्ट्या. म्हणजे पाटीचे स्थान जवळजवळ तळाशी आहे. वरच्या पायऱ्या महाग असतात, पाटी स्वस्त असते. म्हणून व्यवहारात उतरंड उलटी होते आणि जिथे आवरण बसवायचे तिथे 'सावधान' लिहून भागविले जाते. मंदसोरला हवी होती ती धूळ ओढून घेणारी यंत्रणा, यवतमाळला हवे होते कमी विष. लेखनावर जगणाऱ्या आणि लेखनाचे मोल ठाऊक असणाऱ्या वर्गाने हेही कबूल केले पाहिजे की काही ठिकाणी लेखन हे कृतीच्या अभावाचे नाव असते.

म्हणून पाटी निरर्थक ठरत नाही. तिची एक जात अशी आहे की जिच्यात हे सर्व दोष एकाएकी नाहीसे होतात. दुरुस्तीसाठी खांबावर चढणारा वायरमन आधी परमिट घेतो, प्रवाह बंद करतो, खटक्याला कुलूप घालतो आणि त्यावर एक पाटी अडकवितो : माणूस काम करीत आहे, खटका लावू नये. विध्यर्थ तोच, अक्षरे तशीच, बहुधा रंग उडालेली. पण ह्या पाटीचा लेखक कोण हे ठाऊक असते. तो वर तारांजवळ आहे. तिचा वाचक कोण हेही ठाऊक असते. तो त्याचाच सहकारी आहे, आणि उद्या त्यांच्या जागा बदलणार आहेत. पाटी ज्याने लावली त्यानेच ती काढायची, असा नियम आहे; दुसऱ्या कोणालाही तो अधिकार नाही. काम संपेपर्यंत किल्ली त्याच्या खिशात असते. खाली उतरल्यावर तो हात पुसतो, पाटी काढतो, कुलूप उघडतो, आणि प्रवाह पुन्हा सुरू होतो.